प्रश्न पुरा विचारा, उत्तर शिवारात तपासा

(कल्याण परिसरातील शेतकरी आणि कृषी विषय शिकविणारे शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



कल्याण, मुरबाड, शहापूर भागात भातशेती करणाऱ्या पुष्कळ घरांत आज इंटरनेट असलेला मोबाईल आहे. कृषी खात्याचा माणूस अधूनमधून भेटतो. मोबाईलवरचा सल्ला मात्र दिवसातून दहा वेळा येतो. तो तुम्ही शेजाऱ्याला पाठविता, म्हणजे तुम्हीही शेतीचे शिक्षकच झालात. शिक्षकाने चुकीचे सांगितले, तर नुकसान एका शेतापुरते राहत नाही. म्हणून या नव्या साधनांचा उपयोग कसा करावा, याचा आज विचार करू.

आपल्या राज्याला हे नवीन नाही. १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाचे वजन, बिल, खत यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढे २००६-०७ च्या सुमारास त्यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर लघुसंदेशाने हीच माहिती देऊन पाहिली आणि ती सोय स्वस्त पडली. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : साधन किती आधुनिक आहे, यापेक्षा ते शेतकऱ्याच्या हातात आहे की नाही, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रयोग मुंबईच्या आयआयटीचा. २००३ साली तेथे ‘अ‍ॅक्वा’ नावाची प्रश्नोत्तरांची व्यवस्था तयार झाली. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न लिहावा, जमल्यास फोटो जोडावा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी ती योजना होती. एकाला दिलेले उत्तर साठवले जाई आणि तीच अडचण असलेल्या दुसऱ्यालाही ते वाचता येई. तिचे यश दोन गोष्टींवर अवलंबून होते. उत्तर देणारा जबाबदार माणूस हवा आणि विचारणाऱ्याने प्रश्न पुरा विचारायला हवा.

पुरा प्रश्न म्हणजे काय, ते भाताच्या उदाहरणाने पाहू. ‘भात पिवळे पडले, काय फवारू?’ या प्रश्नाला खरे उत्तरच नाही. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील, तर नत्राची कमतरता संभवते. रोपवाटिकेत कोवळी पाने पिवळी-पांढरी होत असतील, तर लोह कमी पडत असेल. लावणीनंतर दोन-चार आठवड्यांत पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ खुंटली, तर जस्ताची शंका घ्यावी. टोकाकडून आणि कडांनी नागमोडी पिवळा पट्टा उतरत असेल, तर तो कडा करपा असू शकतो. मधला पोंगा सुकला आणि ओढताच सहज निघून आला, तर तो खोडकिडा. रंग पिवळाच, पण उपाय पाच तऱ्हेचे. म्हणून प्रश्नात भाताची जात, लावणीची तारीख, जमीन, पाण्याची स्थिती, दिलेली खते आणि आधी कोणती पाने पिवळी पडली, एवढे अवश्य लिहावे. एक फोटो पानाचा, एक पूर्ण चुडाचा आणि एक सबंध खाचराचा काढावा.

आता मोबाईलवरचे यंत्रही उत्तर देते. २०२५ साली राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ हे ॲप आणले. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतो. याशिवाय इतर अनेक बोलकी यंत्रे आहेत. अशी यंत्रे पूर्वी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द जुळवीत जातात. जेथे खात्रीची माहिती सापडत नाही, तेथेही ती त्याच ठामपणे वाक्य पुरे करू शकतात. भाषा शुद्ध आहे म्हणून सल्ला शुद्ध, असे समजू नये.

विशेषतः तीन ठिकाणी सावध राहावे.

१) एकक : शिफारस हेक्टरी आहे की एकरी, हे आधी पाहावे. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर, म्हणजेच १०० गुंठे. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया. गुंठ्याला साधारण २ किलो १७० ग्रॅम, तोही हप्त्यांनी विभागून. हाच आकडा एकरी समजला, तर अडीचपट खत पडेल, पैसा वाया जाईल आणि पीक लोळेल.

२) तारीख : माहिती केव्हाची आहे, ते पाहावे. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र ठाणे जिल्ह्यात असल्याचे सांगणारा जुना मजकूर अजूनही सापडतो. १ ऑगस्ट २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. पत्ता जुना झाला, तर हेलपाटा पडतो. औषधाची शिफारस जुनी झाली, तर जिवावर बेतते.

३) औषध : पाठवलेल्या संदेशावरून कीटकनाशक कधीही आणू नये. डब्यावरच्या लेबलात आपले पीक, कीड आणि मात्रा असेल, तरच वापरावे. त्रिकोणाचा रंगही पाहावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे विसरू नये. दोन औषधे मिसळण्याचा सल्ला तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय मानू नये.

शिक्षकांसाठीही थोडे सांगतो. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची लहानशी शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नाने डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली. पाड्यावरची मुले ही साधने शिकू शकतात, याला आणखी पुरावा नको. तेव्हा मुलांना घरच्या पिकाची नोंद ठेवायला, लेबल वाचायला आणि वडीलधाऱ्यांसाठी पुरा प्रश्न लिहायला शिकवावे. आपण तयार केलेली माहिती कागदाचा फोटो काढून न पाठवता युनिकोड मराठीत लिहावी. फोटोतील मजकूर शोधताना सहसा सापडत नाही. युनिकोडमधील शब्द कुणालाही, केव्हाही सापडतो. खाली लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालावी.

शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीत विचारावे. ही सेवा २००४ पासून सुरू आहे. भाताच्या बाबतीत कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कल्याणहून रेल्वेने जवळ आहे. सुकलेला चूड मुळासकट घेऊन तेथे गेलात, तर दहा फोटोंपेक्षा अधिक उलगडा होईल.

शेवटी एवढेच. नवा सल्ला आला, तर आधी दोन गुंठ्यांत करून पाहावा, शेजारी दोन गुंठे नेहमीच्या पद्धतीने ठेवावेत आणि काढणीला दोन्हीकडचे भात वेगवेगळे मोजावे. फरक दिसला, तरच शेजाऱ्याला पाठवावे, आणि पाठवताना आपले मापही लिहावे. डोंबिवलीत बसून लिहिलेल्या सल्ल्यापेक्षा मुरबाडच्या खाचरात मोजलेले भात शेजाऱ्याला अधिक उपयोगी पडेल.