वेणीत दडलेली लाट

(मंडळाच्या महिला विभागाच्या श्रावणातील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘केसांची निगा’ या विषयावर बोला असे सांगितले होते. तो विषय फार मोठा आहे. मी आज त्यातले एकच सांगणार आहे. लांब केसांना आच न लावता मऊ लाटा कशा आणायच्या, एवढेच.

हा विषय निवडण्याचे कारण तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. गेल्या वर्षी आपण रविवर्म्याच्या चित्रांचे जिवंत देखावे केले. सयाजीराव महाराजांनी त्यांना बडोद्यात बोलावून चित्रे काढून घेतली, ती चित्रे पाहतच आपण लहानाच्या मोठ्या झालो. तेव्हा ही कल्पना आपल्याला सुचणारच होती. माझी नात झोपाळ्यावरची मोहिनी झाली होती. मोहिनीचे केस मोकळे हवेत आणि त्यांना लाट हवी. नातीचे केस कमरेपर्यंत, पण सरळ. तापवायचा चिमटा घरात होता. तो दिवाळीला मीच तिला घेऊन दिला होता. मी, जिने शाळेत ३१ वर्षे विज्ञान शिकवले.

त्या दिवशी उशीर झाला. केस नुकतेच धुतलेले, आतून ओले. चिमटा लावल्यावर चर्र असा आवाज येत होता आणि वाफ निघत होती. आम्हाला वाटले, काम चांगले चालले आहे. देखावा सुंदर झाला, टाळ्या पडल्या. नंतर मात्र कंगव्यात तुकडे येऊ लागले. मुळासकट गळलेले केस नव्हेत, मधूनच तुटलेले. जानेवारीत केस खांद्यापर्यंत कापावे लागले. मला ती काही बोलली नाही, पण मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली नाही.

आता शिक्षिकेची सवय म्हणून थोडे विज्ञान. केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना बंधांनी धरून असतात. त्यातले काही बंध गंधकाचे, चिवट. केस जळल्यावर जो उग्र वास येतो त्यात या गंधकाचा वाटा असतो. दुसरे हायड्रोजनचे. ते एकेकटे दुबळे, पण असंख्य. पाणी लागले की हे दुसरे बंध सुटतात आणि केस वाळला की नव्याने जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल त्याच आकारात जुळतात. ओल्या केसांनी झोपलेल्या माणसाची सकाळी एक बाजू उभी राहते ती यामुळेच. माझी आई धुतलेले सुती लुगडे किंचित ओलसर असताना घडी घालून गादीखाली ठेवायची, सकाळी इस्त्री केल्यासारखे निघायचे. तिथेही पाण्याने सुटणारे हेच बंध.

तापलेला चिमटा हेच काम काही सेकंदांत करतो, पण त्याची उष्णता २०० अंशांच्या आसपास जाते आणि त्यात प्रथिनच बिघडते. केस ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाच्या आत बुडबुडे होतात, आणि तिथूनच तो तुटतो. आमचा चर्र आवाज हाच होता.

आणखी एक हिशेब सांगते, तो मला गेल्या वर्षभरात पुन्हा पुन्हा आठवला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या केसाचे टोक चार-पाच वर्षांपूर्वीचे असते. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, जखम भरावी तसा तो भरून येत नाही. जळला तो जळला.

तर लाट कशी आणायची? वेणी घालून. एवढेच आहे, हसू नका. आपल्या सगळ्यांच्या आज्यांच्या केसांना रविवारी शिकेकाईच्या वेळी वेणी सोडली की सुंदर लाटा असायच्या. पण मोकळे केस घरात चालत नसत, दिवेलागणीला तर नाहीच. मग परत तेल, परत घट्ट वेणी. ती लाट न्हाणीघराबाहेर कुणी पाहिलीच नाही.

आता बारकावे, कारण चुका तिथेच होतात. केस चिंब ओले असताना वेणी घालायची नाही. जाड वेणी रात्रभरात आतून वाळत नाही, सकाळी सोडली की लाटही नाही आणि कुबट वास मात्र येतो. शिवाय ओला केस ताणला तर लवकर तुटतो. दुपारी धुवा, पंचाने टिपा (खसाखसा पुसू नका) आणि हाताला नुसते गार लागतील इतके वाळू द्या. मग वेणी. एकच वेणी घातली तर मानेच्या वर केस सपाट राहतात आणि लाट फक्त खाली येते. दोन घातल्या तर बरे. मुळापासून लाट हवी असेल तर सागरवेणी. पेड सैल ठेवा. घट्ट वेणीने मऊ लाट न येता बारीक नागमोडी येते, आणि भांगाजवळचे केस रोज ओढले गेले तर तिथे विरळ होतात. शेंड्याला रबर लावले की खाली झाडूसारखा सरळ झुपका राहतो. शेंडा जुन्या सुती पातळाच्या पट्टीभोवती गुंडाळा आणि पट्टीचीच गाठ मारा.

तेल धुण्याच्या आधी लावा. तेलकट केस लाट धरत नाही. लाट टिकवायला बाजारातल्या फवाऱ्यापेक्षा मला जवसाचे पाणी आवडते. दोन चमचे जवस कपभर पाण्यात उकळा, अंड्याच्या पांढऱ्यासारखे झाले की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झाल्यावर गाळायला गेलात तर फडके पिळून हात दुखतील, थेंब येणार नाही. वेणी घालण्यापूर्वी हे बोटांनी हलके फिरवायचे.

सकाळी घाई करू नका. केस पूर्ण वाळल्याची खात्री झाल्यावर वेणी खालून सोडा आणि बोटांनीच मोकळे करा. कंगवा फिरवलात की सगळी मेहनत पिसारते.

आणि खोटे आश्वासन देत नाही. जाड, अगदी सरळ केसांवर ही लाट संध्याकाळपर्यंत ढिली पडते. पावसाळी दमट हवेत तर लवकरच, कारण हवेतले पाणीही तेच बंध सोडवते. विसर्जनाच्या मिरवणुकीत नाचायचे असेल त्यांनी सरळ अंबाडा घालून गजरा माळावा. आपला देखावा मात्र मांडवात, अर्ध्या तासाचा आहे. तेवढे नक्की पुरते.

नातीचे केस आता खांद्याखाली चार बोटे आले आहेत. यंदा ती झोपाळ्यावर बसणार नाही, झोपाळ्यामागचा पडदा ओढणार आहे. तिनेच तसे सांगितले. पण जी मोहिनी होणार आहे तिची वेणी घालायला ती माझ्याबरोबर येते आहे.

देखाव्याच्या आदल्या दिवशी सगळ्याजणी दुपारी चारला मंडळाच्या सभागृहात या. केस धुऊन, तेल न लावता. पट्ट्या मी आणते, माझी जुनी पातळे फाडून ठेवली आहेत.