भरपाई ही भीक नव्हे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपले सोलापूर पुणे–हैदराबाद महामार्गावर वसलेले आहे. या रस्त्याने आपला व्यापार वाढविला, तसेच काही घरांतील कर्ता माणूसही हिरावून नेला. अशा प्रसंगी आपण सांत्वनास जातो, शिधा पोचवितो. परंतु भरपाईचा विषय निघाला की माना खाली घालतो. ‘मेलेल्याचे पैसे कसे घ्यावेत?’ असे वडीलधारी मंडळीच विचारतात. आम्हांस नम्रपणे सांगावेसे वाटते की, ही रक्कम मृत्यूचे मोल नव्हे. तो जी भाकरी मिळवून आणणार होता तिची ती तजवीज होय, आणि ती त्याच्या पत्नीच्या व लेकरांच्या हक्काची आहे.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अर्जदारास तो आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढेही दाखल करता येतो. अपघात परमुलखात झाला म्हणून तेथे हेलपाटे घालण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०२२ पासून मात्र अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली गेली आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला, तरी त्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

रक्कम कशी ठरते, हे एका उदाहरणाने पाहू. बत्तीस वर्षांचा, स्वतंत्र धंदा करणारा गृहस्थ. मागे पत्नी, दोन मुले व आई. मासिक प्राप्ती १५,००० रुपये, म्हणजे वर्षाची १,८०,०००. पुढील वाढीबद्दल तीत शेकडा ४० मिळवावे, त्याच्या स्वतःच्या खर्चाबद्दल चौथा हिस्सा वजा करावा, आणि वयानुसार ठरलेल्या १६ या आकड्याने गुणावे. उत्तर येते ३०,२४,०००. अंत्यविधी आदींची रक्कम निराळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनी घालून दिलेली ही रीत आहे.

आता समजा, प्राप्तीचा कागद नाही, आणि न्यायालयाने अंदाजाने १०,००० च धरले; तर रक्कम २०,१६,००० वर येते. एका हिशेबाच्या वहीवाचून लेकरांचे दहा लाख गेले! म्हणून धंद्याची वही, बँकेचे पुस्तक आणि आयकराची विवरणपत्रे हयातीतच नीट ठेवावीत.

जखमी माणसाचेही असेच आहे. डॉक्टरांच्या दाखल्यातील अपंगत्वाचे प्रमाण एक, आणि कमाईचे नुकसान दुसरे. बोटे निकामी झालेला विणकर व तशीच इजा झालेला व्याख्याता यांची हानी सारखी नसते, हे न्यायालये जाणतात. परंतु ते पुराव्याने दाखवावे लागते. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, दवाखान्याची बिले, वाहनाच्या विम्याची व परवान्याची नक्कल हे कागद प्रथमपासून जमवावेत. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरीही मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे.

दुःखाच्या त्या घटकेस दारी मध्यस्थ येतात आणि कोऱ्या कागदावर सही मागतात. ती देऊ नये. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारीने वाटा ठरविणे वकिलांस त्यांच्या नियमांनीच वर्ज्य केले आहे.

ज्या घरी आकांत चालला आहे, त्या घरच्या माणसांनी हे सारे कागद कसे जमवावेत? ते काम आपले आहे. प्रत्येक पेठेतील दोन जाणत्या कार्यकर्त्यांनी अशा घरासोबत पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत जावे, एवढा संकल्प मंडळाने आज करावा. शिधा महिनाभर पुरतो. हक्काची भरपाई मुलांचे शिक्षण पुरे होईतो पुरते.