पुरस्कार आणि त्याची वेळ



राज्यशासनाने खेळाडूचा गौरव केव्हा करावा, याविषयी मी आज थोडे बोलणार आहे. आपल्या मध्य प्रदेशात ज्येष्ठ खेळाडूंना ‘विक्रम’, उदयोन्मुखांना ‘एकलव्य’ आणि प्रशिक्षकांना ‘विश्वामित्र’ हे पुरस्कार दिले जातात. केंद्रशासनाने प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्यांचे नाव घेतले. ज्याला एकलव्याने अंगठा दिला तो गुरू भोपाळच्या व्यासपीठावर त्याच्या शेजारी नाही, याचे माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकाला मोठे समाधान वाटते. नामकरण करणाऱ्यांच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे!

या तिघांत मला एकलव्य अधिक मोलाचा वाटतो, कारण तो वेळेवर येतो. खाशाबा जाधवांचेच पाहा. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिकमधील स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. विश्वामित्र म्हणावे ते अशांना! १९८४ साली खाशाबा अपघातात गेले. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर, आणि अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच, २००० सालचा. पदक जिंकून ते परतले तेव्हा मात्र कऱ्हाडहून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ती कोणत्याही शासनाने काढलेली नव्हती.