माशांच्या टाकीखाली काय?

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी काठोकाठ भरली, की नुसतं पाणीच सुमारे २५५ किलो होतं. काच, वाळू, दगड वेगळे. टीव्हीचं कपाट एवढ्या ओझ्यासाठी बनवलेलं नसतं. त्यातून ते पार्टिकल बोर्डचं असेल, तर नकोच! पाणी बदलताना थोडं सांडतंच. ओल लागली की बोर्ड फुगतो, स्क्रू सैल होतात. त्यापेक्षा लोखंडी अँगलचा वेल्डिंग केलेला स्टँड घ्या, गंजरोधक रंग लावलेला. वर जाड मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलचा थर, कारण तळाखालचा बारीक खडाही काचेला तडा देऊ शकतो. आणि पाणी भरण्याआधी पाणसळ लावून पातळी तपासा. भरलेली टाकी पुन्हा हलवता येत नाही.