गाणे कुणाशी बोलते?

(कोसाड, सुरत येथे शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे त्यांना तुम्ही सगळे नुसते ‘गुरुजी’ म्हणत होता. मीही तसेच म्हणते. गुरुजींची नि माझी भेट दोनतीनदाच झाली. पण त्यांचे विद्यार्थी पुढे शिकायला खानदेशात आले की मला लगेच ओळखू येत. कविता समोर ठेवली की इतर मुले तिचा अर्थ सांगायला धावत. गुरुजींची मुले आधी विचारीत, “यात बोलतंय कोण? आणि कुणाशी बोलतंय?” चाळीस वर्षे मराठी शिकवून मला जे सांगता आले नाही ते गुरुजींनी या दोन प्रश्नांत सांगितले होते. आजचा माझा विषय जरा अवघड आहे. गाण्यांच्या चित्रफितींमधून वाढत्या वयाच्या मुलींना दिले जाणारे कामुक संदेश, असा तो आहे. या व्यासपीठावर तो शोभेल की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी गुरुजींचे हे दोन प्रश्न हाताशी धरूनच बोलावे असे ठरवले.

हा विषय मला का घ्यावासा वाटला ते आधी सांगते. गेल्या वर्षी इथे सुरतेतच आमच्या नात्यात हळद होती. तापीच्या काठाकाठाने भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने आमची निम्मी भावकी केव्हाच इथल्या मागांवर कामाला आली आहे, त्यामुळे मांडव खानदेशी माणसांनी भरलेला होता. डीजे सुरू झाला. माझ्या भाचीची मुलगी, वय बारा, सातवीत शिकणारी, पुढे झाली नि एका चित्रपटगीतावर नाचली. पडद्यावरच्या नटीची प्रत्येक हालचाल, प्रत्येक कटाक्ष तिने तंतोतंत उचलला होता. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मोबाइलवर ते टिपले आणि त्याच रात्री ते सर्वांसाठी खुले केले. आठ दिवसांनी कळले की खाली परक्या पुरुषांनी नको ते लिहिले होते, वर्गातल्या मुलांनी ते वाचून दाखवले होते आणि पोर चार दिवस शाळेत गेली नव्हती. तिची आई तिच्यावर ओरडली, “तुला कुणी सांगितलं होतं असं नाचायला?” मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तुम्ही सगळ्यांनीच तर टाळ्या वाजवल्या होत्या!”

मला उत्तर सुचले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गाण्यात शृंगार आला म्हणून संस्कृती बुडाली, असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. आपल्या भाषेची आजी जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यातला सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ हालाची ‘गाथासप्तशती’. तिच्यात स्त्रीपुरुषांच्या ओढीखेरीज फारसे दुसरे काही नाही, आणि कितीतरी गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत. रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या आम्ही विद्यापीठात शिकवल्या, त्याही मुलामुलींच्या मिश्र वर्गात. आणि हळदीच्या रात्री बायका जी विहिणींची गाणी म्हणतात ती ज्यांनी ऐकली असतील त्यांना कोणतीही चित्रफीत सोवळीच वाटेल! माझ्या लहानपणी आखाजीला झोक्यावर बसून आम्ही मुली गात असू, त्यातही चेष्टा, चिडवाचिडवी, नवऱ्यावरचे टोमणे भरपूर असत.

मग फरक कुठे आहे? गुरुजींचा प्रश्न विचारा. विहिणीच्या गाण्यात बोलते कोण? बाई. कुणाशी? बाईशी. बघायला कुणी नाही, विकायला काही नाही. गाणे संपले की हसून सगळ्याजणी चुलीपाशी जातात. लावणीत स्त्री बोलते, पण ऐकणारा प्रौढ पुरुष असतो, तिकीट काढून थिएटरात आलेला. त्या मांडवात बारा वर्षांच्या मुलीला जागा नव्हती. गाणे तिच्याशी बोलतच नव्हते.

इथे मात्र मला प्रामाणिकपणे थांबले पाहिजे, नाहीतर जुने ते सगळे सोने होते असा आपला समज होईल. ती लावणी सादर करणारी कोण होती? पुष्कळदा तीही एक मुलगीच होती, एका विशिष्ट जातीत जन्मली म्हणून लहानपणीच पायात चाळ बांधलेली. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली आले, तेव्हा कलेच्या नावाखाली त्या मुलींचे काय होत होते हे पांढरपेशा मराठी वाचकाला समजले. तेव्हा मुलींना बघण्याची वस्तू करणे हा दूरदर्शनचा किंवा पश्चिमेचा शोध नव्हे. आपण ते आपल्याच गावकुसाबाहेर, दुसऱ्यांच्या मुलींबाबत चालू दिले. आता तेच आपल्या मांडवात, आपल्याच मुलींच्या बाबतीत घडते आहे आणि म्हणून आपल्याला लागते आहे.

आता गेल्या तीसहून अधिक वर्षांचा प्रवास पाहू. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या केबलच्या तारेने घरात शिरल्या. १९९३ साली ‘खलनायक’मधील ‘चोली के पीछे’ या गाण्यावर वादळ उठले, दिल्लीत खटला गुदरला, तो टिकला नाही. गाण्याचे समर्थक म्हणत, पुढच्याच ओळीत उत्तर ‘हृदय’ असे आहे ना! उत्तर तसे होते खरे. पण कॅमेरा उत्तराची वाट पाहत नव्हता. पुढच्याच वर्षी ‘खुद्दार’मधल्या एका गाण्यातला ‘सेक्सी’ हा शब्द आक्षेपामुळे बदलून ‘बेबी’ करण्यात आला. शब्द बदलला, हालचाली त्याच राहिल्या. बाळासाठीचा शब्द त्याच हालचालींवर चिकटवला गेला आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटले!

पुढे गाणे चित्रपटातून सुटले आणि नुसत्या चित्रफितीसाठी तयार होऊ लागले. २००२ साली ‘काँटा लगा’ या जुन्या गाण्याची नवी चित्रफीत आली. मूळ गाणे १९७२च्या ‘समाधी’तले, लताबाईंनी गायलेले, राहुलदेव बर्मन यांच्या संगीतातले. नव्या चित्रफितीतली शेफाली जरीवाला तेव्हा एकोणीसवीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी होती. पुढे ती पुष्कळ काही झाली असेल, पण तिची ओळख त्या एका चित्रफितीपुरतीच राहिली. २७ जून २०२५ रोजी बेचाळिसाव्या वर्षी ती गेली, त्या दिवशीही बातम्यांच्या मथळ्यांत तिला ‘काँटा लगा गर्ल’ असेच म्हटले होते. एका स्त्रीचे सारे आयुष्य तीनचार मिनिटांत कोंबून ठेवण्याचे सामर्थ्य या चित्रफितीत आहे. तिला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. दोष असलाच तर तो पाहणाऱ्यांचा, म्हणजे आपलाही आहे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी १९८१च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. १९८५ साली तिथल्या सिनेटपुढे गाण्यांतल्या अश्लीलतेवर सुनावणी झाली. एका आईने आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला आणून दिलेली तबकडी हे त्यामागचे निमित्त होते. त्यातून तबकड्यांवर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लागू लागली. १९९८ साली ब्रिटनी स्पिअर्सची पहिली चित्रफीत निघाली ती शाळेच्या आवारात, शाळेच्या गणवेशात. चित्रीकरणाच्या वेळी ती सोळा वर्षांची होती. ती कल्पना तिचीच होती, असे दिग्दर्शकाने पुढे सांगितले. कित्येकांना हा बचाव पुरेसा वाटतो. मला तोच सर्वांत दुःखद भाग वाटतो. मुलीने बाजाराची नजर इतकी आत्मसात केली होती की आता तिला कुणी काही सांगण्याची गरजच उरली नव्हती.

आता गुरुजींचा प्रश्न या चित्रफितीला विचारा. बोलते कोण? वरवर पाहता एक तरुणी बोलते. तिच्यामागे विकणारा बोलतो. कुणाशी? इथेच लावणीपासून फारकत होते. ती पुरुषाशी बोलते असे आपण समजतो. ती त्याच्याशी बोलतेच. पण तेवढीच ती आरशापुढे उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीशी बोलते. ती तिला सांगते, तू कशी दिसतेस हेच तुझे सामर्थ्य आहे. तुझ्याकडे कुणी पाहिले तरच तू आहेस. संदेश शृंगाराचा असता तर एक वेळ चालले असते, कारण शृंगारात दोन माणसे असतात. या संदेशात माणूस एकच आहे, तो पाहणारा आहे. मुलगी फक्त पाहण्याची वस्तू आहे.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. अमेरिकेच्या मानसशास्त्रीय संघटनेने २००७ साली या विषयावर एक अहवाल काढला. मुलींत सर्रास आढळणाऱ्या तीन गोष्टींशी, म्हणजे खाण्यापिण्याचे विकार, स्वतःविषयीचा न्यूनभाव आणि नैराश्य यांच्याशी या संदेशांचा संबंध अभ्यासांत दिसतो, असे त्यात म्हटले आहे. त्यात उल्लेखलेला १९९८ सालचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. महाविद्यालयीन तरुणींना एकेकटीला खोलीत आरशापुढे काही कपडे घालून पाहायला सांगितले, काहींना स्वेटर, काहींना पोहण्याचा पोशाख, आणि त्याच कपड्यांत गणिते सोडवायला दिली. पोहण्याचा पोशाख घातलेल्या मुलींची गणिते अधिक चुकली. मुलग्यांत असा फरक पडला नाही. खोलीत पाहणारे कुणीही नव्हते. पाहणारा त्या मुलींच्या मनातच बसला होता, आणि गणितासाठी लागणारे लक्ष त्याने खाऊन टाकले होते. शाळेच्या व्यासपीठावरून हा विषय मांडण्याचे याहून दुसरे समर्थन मला द्यायचे नाही.

“मग बंदी का घालत नाहीत?” हा प्रश्न आता येईल. केबल वाहिन्यांसाठी १९९५चा कायदा आहे. मुलांना अयोग्य असे कार्यक्रम मुले जास्त पाहतात त्या वेळी दाखवू नयेत, असे त्याच्या नियमांत लिहिलेले आहे. पण मोबाइलला वेळ कसली? तिथे रात्र नि दिवस सारखेच. २९ जून २०२० रोजी आपल्याकडे टिकटॉक बंद झाले, आणि जुलै संपण्याआधी इन्स्टाग्रामवर ‘रील्स’ सुरू झाले. तिथे खाते उघडण्यासाठी किमान तेरा वर्षे वय लागते. आमच्या नात्यातल्या बारा वर्षांच्या मुलीची अडचण तिच्या मोठ्या चुलतभावाच्या खात्याने सोडवली!

बंदीचा आणखी एक अनुभव आपल्या गाठीशी आहे. महाराष्ट्राने २००५ साली डान्स बार बंद केले. उच्च न्यायालयाने ती बंदी २००६ साली रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम ठेवला. मधल्या काळात पोट कुणाचे मारले गेले? नाचणाऱ्या बाईचे. नोटा उधळणारा घरी जाऊन जेवला. म्हणून मला भीती वाटते की घरातही आपण तेच करू. गाणे विकणारा सुटेल, पाहणारा सुटेल आणि मोबाइल हिसकावला जाईल तो मुलीचा. तिचे नाचणे बंद होईल, मग बाहेर खेळणे, मग कदाचित शिकणेही. असा उपाय रोगाहून वाईट.

तेव्हा माझ्या मागण्या लहान आहेत. शिक्षकांना माझी विनंती अशी की आठवड्यातून एका तासिकेला मुलामुलींना एकत्र बसवून, त्यांच्याच आवडीचे एखादे गाणे गुरुजींच्या पद्धतीने वाचा. बोलतो कोण, कुणाशी, यातून पैसा कुणाला मिळतो, आणि ही मुलगी या गाण्यात न नाचता एखादे वाक्य बोलते का? मुलगेही तिथे असले पाहिजेत, कारण बघणे शिकवावे लागते ते त्यांना. स्नेहसंमेलनातली गाणी निवडताना नाचणाऱ्या मुलींना आधी विचारा; पुष्कळदा त्या नको म्हणतात आणि आपणच “काय होतंय त्याने?” म्हणून पुढे ढकलतो. पालकांना सांगणे एवढेच की मुलीचे चित्रण तिच्या आणि तुमच्या संमतीवाचून कुणालाही पाठवू देऊ नका, आणि काही विपरीत घडलेच तर पहिला प्रश्न तिला विचारू नका.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना मी काय सांगू? आपल्याला हळदीची गाणी येतात, झोक्यावरची गाणी येतात. ती गात असताना आपल्याकडे कुणी बघते आहे का, हे आपल्या मनातही येत नसे. ते न येणे हीच आपल्या बालपणाची श्रीमंती होती. ती गाणी मुलींना शिकवा. त्या त्यावर नाचतील, आणि छान नाचतील. नाचू नका असे मला कुणालाच सांगायचे नाही.

त्या मुलीला मी अखेर एवढेच म्हणाले, “बाळा, चूक तुझी नव्हती. टाळ्या वाजवण्याआधी आम्ही विचार करायला हवा होता.” ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. गुरुजी असते तर ते असेच म्हणाले असते, असा माझा विश्वास आहे.