कार्डावरचे नाव



अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो स्मरणिकेत छापलेला आहे आणि चांगला उतरला आहे, म्हणून मी तो घेत नाही. मला ट्रायकोग्रामाविषयी, त्यातही कार्डावर आपण तिचे जे नाव छापतो त्याविषयी बोलायचे आहे.

उसात खोडकिडा किंवा कांडीकिडा दिसला की आपला शेतकरी ट्रायकोकार्ड मागतो. तांदळावरील पतंगाची सुमारे २० हजार अंडी त्यावर चिकटवलेली असतात आणि त्या अंड्यांत ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची परोपजीवी माशी वाढत असते. कार्डावर छापलेले असते ‘ट्रायकोग्रामा चिलोनिस’. हे नाव इशी यांनी १९४१ मध्ये दिले. पण आपल्या जुन्या अहवालांत हीच माशी ‘ऑस्ट्रेलिकम’ म्हणून भेटते. त्याहून जुन्या नोंदींत तर ‘मिनुटम’ आणि ‘इव्हानेसेन्स’ ही नावे सरसकट वापरलेली दिसतात. १९७६ मध्ये विज्जानी यांनी ‘कन्फ्यूसम’ हे आणखी एक नाव दिले, तेही पुढे चिलोनिसमध्येच विलीन झाले.

हे कुणाच्या आळशीपणाने झाले असे मला वाटत नाही. ही माशीच फसवी आहे. तिचा रंग तापमानाने बदलतो, आकार यजमानाच्या अंड्यावर ठरतो. जॉर्ज सॉल्ट यांनी १९३७ मध्ये ‘सेम्ब्लिडिस’ या जातीविषयी जे दाखवले ते आजही वर्गात शिकवावे असे आहे. पतंगाच्या अंड्यातून आलेल्या नरांना पंख होते. त्याच जातीचे नर सियालिस या पाणथळीच्या कीटकाच्या अंड्यातून आले, तर बिनपंखाचे. ते नर वेगवेगळे टिपून पाठवले असते, तर एखाद्या चांगल्या तज्ज्ञानेही त्यांच्या दोन जाती केल्या असत्या!

यातून वाट काढली ती बंगळुरूमध्ये, राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्रात. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की नराचे जननांग स्लाइडवर नीट पाहिले तर जाती ओळखता येतात. जगभरच्या ट्रायकोग्रामा-अभ्यासाची घडी त्या कामाने बसवली. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात त्याला एखादी ओळ मिळते, हे मला खटकते.

तरीही प्रश्न मिटला नाही, आणि तो पुढे नेला नागरकट्टी यांनीच. १९७५ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील ‘प्लॅटनेरी’ ही जात वेगळी केली. दिसायला ती आणि मिनुटम सारख्याच, पण त्यांचा संकर जमत नाही. या कीटकांत फलित न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो, त्यामुळे जोडी जुळली नाही की पिढीत नुसते मुलगेच येतात. म्हणजे जात ओळखायला सूक्ष्मदर्शक पुरत नाही, कीटक जिवंत सांभाळून पिढी वाढवावी लागते.

काही वाणांत नेमके उलट घडते: सगळ्या मुलीच. १९९० मध्ये स्टाउटहॅमर आणि सहकाऱ्यांनी या माद्यांना प्रतिजैविक दिले आणि नर जन्मू लागले. नरांशिवाय प्रजोत्पादन घडवणारा तो जीवाणू म्हणजे वोल्बाकिया. जिथे नरच नाही तिथे नराच्या जननांगावरून जात कशी सांगणार? तिथे डीएनएचा आयटीएस-२ हा तुकडा मदतीला येतो. मात्र तो ज्या नोंदीशी ताडून पाहायचा तिलाही कुणीतरी माणसानेच नाव दिलेले असते. ते नाव चुकीचे असेल, तर यंत्र ती चूक इमानेइतबारे पुढे चालवते.

म्हणून माझे भांडण नावे बदलण्याशी नाही. जातीचे नाव हा त्या त्या वेळचा अंदाज असतो आणि पुरावा बदलला की तो बदलावाच. खरे नुकसान होते ते पुरावाच न ठेवल्याने. ‘ऑस्ट्रेलिकम सोडली, परिणाम समाधानकारक नाही’ असे वाक्य जुन्या अहवालात वाचले की मी तिथेच अडतो. कोणती माशी सोडली होती? नमुना जपलेला नसेल, तर ते आता कुणालाही सांगता येणार नाही आणि तो हंगामही फुकट गेला.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. मित्रकीटक सोडण्याच्या प्रत्येक प्रयोगातील काही माद्या अल्कोहोलमध्ये आणि नर स्लाइडवर जपून संग्रहालयात द्यावेत. जात कोणी आणि कशावरून ओळखली हे अहवालात लिहावे, आणि खात्री नसेल तर केवळ ‘ट्रायकोग्रामाची एक जात’ एवढेच छापावे. खर्च बाटल्यांचा आणि काचपट्ट्यांचा आहे. विरोध होईल तो शेवटच्या कलमाला, कारण तसे लिहिलेले कार्ड विकायचे कसे, असे उत्पादक विचारतील. त्यांनाही उद्या बोलावले आहे.