बंद घाणा, उघडी तोरा



पेठ गावात ज्यू समाजावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परक्या माणसांची नवलाई आपल्या मुलखाला कधीच नव्हती. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आजही वाचता येतात, आणि नाणेघाटाने हा प्रदेश दोन हजार वर्षांपूर्वीच कोकणातल्या बंदरांशी जोडला होता. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे ते घाटाखाली उतरले, तिथेच रुजले आणि पिढ्यान्‌पिढ्या आपलीच भाषा बोलत राहिले. ते म्हणजे बेने इस्राएल.

त्यांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुढचे मात्र स्पष्ट आहे. ही मंडळी पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, शेती करू लागली. ज्या गावात राहिली त्या गावाचे नाव लावून पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहिमकर, दिवेकर झाली. शमुवेलचा समाजी झाला, इसहाकचा इसाजी झाला. बायका नऊवारी नेसत, घरात भात आणि नारळ. मात्र शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली.

या नावापाशी मला थोडे थांबायचे आहे. अठराव्या शतकापर्यंत या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हता आणि प्रार्थनागृहही नव्हते. हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती. ‘शेमा’ ही एकच प्रार्थना तोंडपाठ उरली होती. ती जन्मानंतरच्या संस्काराला म्हणत, लग्नात म्हणत आणि मयतालाही म्हणत. सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि शनिवारची सुट्टी एवढेच काय ते त्यांनी जपले. सुट्टी जपणे ही साधी गोष्ट नव्हती. आठवड्यातला एक दिवस घाणा थांबला म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडाली. गरीब माणसाने शतकानुशतके, कोणी विचारणारा नसताना, कारण सांगणारे पुस्तक हाताशी नसताना ही कमाई सोडली. माझ्या मते या समाजाच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराक्रम हाच आहे. वार टिकला होता, म्हणून पुढे त्या वाराचा ग्रंथ त्यांच्याकडे परत येऊ शकला.

तो कसा परत आला, तेही ऐकण्यासारखे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामुएल इझीकेल दिवेकर, ज्यांना समाजी हसाजी म्हणत, टिपूच्या कैदेतून सुटून आले, असे परंपरा सांगते. त्यांनी १७९६ साली मुंबईत ‘शआर हारहमीम’ हे बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, उभारले. त्यात ठेवायची तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, मिळवण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. कोचीनच्या ज्यूंनी पुढे शिक्षक आणि हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पाठवले. १८३२ साली रेव्हरंड जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत लिहिले. त्यांचा उद्देश ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून भाषा घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझीकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आपल्या पुण्यातच १८७४ साली वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या दिसतात. याच काळात आपली कीर्तनाची रीत उचलून त्यांनी अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने मराठीत रंगवली.

आता तोरेच्या दर आठवड्याच्या वाचनाकडे येतो. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके. ती चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असतात आणि अक्षरांना स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला आठवडाभर तयारी करावी लागते. तिचे ५४ भाग पाडले आहेत. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, एक भाग, काही आठवड्यांत दोन, अशा क्रमाने वर्षभरात ग्रंथ पुरा होतो, आणि ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. आपल्याकडे सप्ताहात ज्ञानेश्वरी क्रमाने वाचतात, आवडीच्या ओव्या तेवढ्या निवडत नाहीत, तसेच हे आहे. शनिवारी सकाळी सात जणांना, अमक्याचा मुलगा तमका असे बापाच्या नावासकट पुकारून, तोरेपाशी बोलावतात. वाचणाऱ्याचा उच्चार चुकला तर ऐकणारे तिथल्या तिथे दुरुस्त करतात. सोमवारी आणि गुरुवारीही छोटे वाचन असते. जुन्या काळी हे बाजाराचे दिवस होते आणि खेड्यातला माणूस तेव्हा गावात यायचा, असे त्याचे कारण सांगतात. आठवडे बाजार पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटेल.

या वाचनाला एक अट आहे: दहा माणसे हवीत. परंपरेने तेरा वर्षांवरचे दहा पुरुष मोजतात, सुधारक मंडळ्यांत स्त्रियांनाही मोजतात. प्रार्थना एकट्याने करता येते, पण दहा जण जमल्याशिवाय गुंडाळी काढून रीतसर वाचन होत नाही. कितीही मोठा विद्वान असला तरी त्याला उरलेले नऊ लागतातच. म्हणून दहावा माणूस, मग तो बँकेतला कारकून असो की निवृत्त शिपाई, सगळ्यांच्या दृष्टीने मोलाचा असतो. त्याच्या घरी आजारपण आले की सिनेगॉगला ते त्याच शनिवारी कळते. समाज एकमेकांना धरून कसा राहतो, याचे उत्तर मला या संख्येत दिसते.

वाचलेल्या भागावर मग विचार होतो. शेतकऱ्यांपुढे बोलतो आहे म्हणून एकच भाग घेतो. मे महिन्याच्या आसपास ‘बेहार’ नावाचा भाग येतो, लेवीय या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय. त्याचा विषय जमीन. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. त्या वर्षी आपोआप उगवेल ते धन्याचे, मजुराचे, परक्याचे आणि गुराढोरांचेही. अशी सात सप्तके मोजली की पन्नासावे वर्ष मुक्तीचे. शिंग फुंकायचे, आणि कर्जापायी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. त्यामुळे जमिनीची किंमत ठरते ती पन्नासाव्या वर्षापर्यंत किती पिके निघतील त्यावर. म्हणजे विकली जातात ती पिके. जमीन देवाची आणि आपण तिच्यावरचे पाहुणे, असे त्यामागचे कारण दिले आहे. तटबंदीच्या शहरातल्या घराला मात्र हा नियम नाही, ते वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे गेले. आणि अडलेल्या भावाकडून व्याज घ्यायचे नाही.

अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी इथे विचारतो की, सगळ्याच आज्ञा सिनाय पर्वतावर मिळाल्या असताना शेतीच्या विसाव्यापाशीच पर्वताचे नाव का घेतले? त्याचे उत्तर असे: जसे या नियमाचे बारीकसारीक तपशील तिथे सांगितले गेले, तसेच सगळ्यांचे. मला आणखी एक गोष्ट जाणवते. हे ऐकणाऱ्यांजवळ तेव्हा गुंठाभरही जमीन नव्हती, ते वाळवंटात होते. जमीन हाती येण्याआधीच तिच्या हव्यासाला मर्यादा घातली गेली.

आता आपला जिल्हा आठवा. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले.  १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्यामागे जाऊन मूळ कर्ज तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. बेहारचा प्रश्न असा पुणे जिल्ह्यातच, त्याच ऋतूत, रस्त्यावर आला होता. पन्नासाव्या वर्षाचा नियम पाळणे फार पूर्वीच थांबले. सातव्या वर्षाचा विसावा इस्राएलमध्ये आजही पाळला जातो, अलीकडे २०२१-२२ साली पाळला गेला. पण नियम चालो वा न चालो, तो भाग दरवर्षी मोठ्याने वाचावाच लागतो. सावकार समोर बसलेला असला तरी वाचावा लागतो. वाचणाऱ्याला निवड नसण्याचा फायदा मला इथे दिसतो. निवड असती तर हा अध्याय कितीतरी वर्षे उघडलाच नसता.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा, दिमोना इथल्या कित्येक घरांत मराठी बोलली जाते आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथून निघत आले आहे. तिथेही त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करायला लावले गेले, १९६४ साली ते वादातीत ठरले. महाराष्ट्रात आता काही हजार उरले आहेत, २०१६ साली राज्य सरकारने त्यांना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. कोकणातल्या काही सिनेगॉगांत दहा माणसे जमवायला मुंबई-ठाण्याहून लोक येतात. नवस फेडायला मात्र अजूनही मलिदा होतो: पोहे, खोबरे, साखर, फळे आणि एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण. शुक्रवारी संध्याकाळी वाइनऐवजी काळ्या मनुकांचे सरबत घेण्याची त्यांची जुनी रीत आहे. नारायणगावच्या द्राक्षबागाईतदारांना हे ऐकून बरे वाटेल.

पुण्यात दोन सिनेगॉग आहेत. कॅम्पातले लाल देऊळ बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी १८६३ साली बांधायला घेतले, ते १८६७ साली पुरे झाले, आणि त्याच आवारात ससून यांची समाधी आहे. रास्ता पेठेतले ‘सुक्कथ शेलोमो’ १९२१ सालचे, बेने इस्राएलांचे. शिक्षक मंडळींनी मुलांना घेऊन जरूर जावे. आधी विश्वस्तांची परवानगी घ्या, डोके झाकायला रुमाल न्या. शनिवारी गेलात तर फोटो काढू नका, मोबाईल बंद ठेवा. आणि त्या आठवड्याचा भाग कोणता, हे तिथल्या ज्येष्ठांना विचारा. ते मराठीतून समजावून सांगतील.